भिंतींची ओल आणि अकरा महिन्यांचा करार

वसई-विरारकडील भाड्याच्या घरांतून पावसाळा सरतां सरतां एक वाद हटकून सुरू होतो. तो न्यायालयांत जात नाहीं, वर्तमानपत्रांत येत नाहीं, म्हणून त्यास कोणी वाद म्हणत नाहीं इतकेंच. भाद्रपदाच्या सुमारास भिंतीवर काळेहिरवे डाग उमटतात, कपाटामागचा गिलावा पोपडे धरून गळूं लागतो, अंथरुणापांघरुणांस कुबट वास येतो, घरांतील लहान मूल रात्रीं खोकूं लागतें, आणि भाडेकरू मालकास निरोप धाडतो. मालकाचें उत्तर आधींच तयार असतें. "तुम्ही खिडक्या उघडीत नाहीं, घरांत कपडे वाळत घालतां, दिवसभर कांहींना कांहीं शिजवीत असतां, आम्ही राहत होतों तेव्हां अशी बुरशी कधीं नव्हती." भाडेकरू म्हणतो, "भिंत बाहेरून पाणी पिते, त्याला आम्ही काय करणार?" मध्यें दलाल पडतो आणि दिवाळीच्या आधीं रंगाचा एक हात मारून देण्यावर तडजोड होते. पुढच्या आषाढांत डाग जेथल्या तेथें परत येतात. बहुधा तोंपर्यंत भाडेकरू बदललेला असतो.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, भिंतींत मुरणारी ओल हा घराचा दोष होय, घरांत राहणाराचा नव्हे. तो दोष ज्याच्या मालकीबरोबर वर्षानुवर्षें टिकतो त्यानेंच तो निवारला पाहिजे. आणि तो ठाऊक असतांना रंगाखालीं झांकून घर दुसऱ्याच्या हवालीं करणें ही फसवणूक आहे, मग व्यवहारांत तिला कितीहि सौम्य नांव मिळो. हें म्हणणें कित्येकांस कठोर वाटेल. कारण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण भाडेकरू आहेत, तसे पुष्कळजण मालकहि आहेत, आणि कांहीं तर एकाच वेळीं दोन्ही आहेत.

या प्रांतांत पाऊस कांहीं आज पडूं लागलेला नाहीं. वर्षाकांठीं सरासरीनें दोन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस येथें पडतो, आणि समुद्राचा खारा वारा बारा महिने असतो. जुन्या लोकांनीं हें गृहीत धरूनच घरें बांधलीं होतीं. निर्मळ, आगाशी, सोपारें, पापडी या बाजूंस जीं थोडीं जुनीं घरें अद्याप उभीं आहेत तीं पाहावीं. कौलारू छपराच्या वळचणी भिंतींच्या पुष्कळ बाहेर आलेल्या, जोतें उंच, भिंती जाड व चुन्याच्या गिलाव्याच्या, आणि झडीचा पहिला मारा अंगावर घ्यावयास भोंवतालीं पडवी. मृगापूर्वीं पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झांप बांधण्याचें काम घरचा कर्ता पुरुष जातीनें पाही. त्या घरांतहि ओल येई; परंतु चुन्याच्या गिलाव्यांतून ती जशी येई तशी निघूनहि जाई.

पुढें रेल्वेच्या आश्रयानें शहर वाढलें. २००९ सालीं चार नगरपालिका आणि पन्नासांवर ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. इतक्या माणसांस इतक्या थोड्या काळांत छप्पर पुरवितांना पावसाचा विचार कोणी करावा? बाहेरची भिंत विटेच्या एका पातळ थराची, खिडकीवर नांवापुरता छज्जा, गच्चीला उतार नाहीं, आणि न्हाणी-संडासाचे सर्व पाइप एका अरुंद, अंधाऱ्या डक्टमधून सोडलेले. माणूस आंत शिरून सांधा पाहील एवढीहि त्यांत जागा नाहीं. अशी इमारत पांच-सहा पावसाळे काढते न काढते तोंच गच्चीवर पत्र्याची शेड चढते आणि पश्चिमेच्या अंगाला निळी ताडपत्री लोंबूं लागते. ही ताडपत्री म्हणजे झावळ्यांच्या झांपांचीच नात. फरक इतकाच कीं झांप पावसाच्या आधीं बांधीत, ताडपत्री भिंत भिजल्यावर बांधतात. तळमजल्यांची स्थिति याहून वाईट. २०१८ च्या जुलैमध्यें नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखालीं जाऊन गाड्या थांबल्या, ही बातमी साऱ्या देशांत गेली. परंतु त्याच पाण्यांत जीं घरें गुडघाभर बुडालीं त्यांच्या भिंती पुढें किती महिने ओल्या होत्या, ही बातमी कोठेंच गेली नाहीं. भिंतींत मुरलेलें पाणी आपल्याबरोबर क्षार वर ओढतें. पाणी उडून गेलें तरी क्षार राहतात, आणि ते हवेंतील बाष्प पुन्हां ओढून घेतात. यालाच आपल्याकडे लोणा लागणें म्हणतात. लोणा लागलेल्या भिंतीस रंग देणें म्हणजे ज्वर आलेल्या माणसास नवा सदरा घालणें होय.

आतां मालकपक्षाच्या मुख्य आक्षेपाकडे वळूं. घरांतील बुरशी ही राहणाराच्या राहणीमुळें येते, हें विधान सर्वस्वीं खोटें नाहीं, आणि म्हणूनच तें घातक आहे. बुरशीचे बीजकण हवेंत सर्वत्र असतात. ते मालकहि आणीत नाहीं, भाडेकरूहि आणीत नाहीं. त्यांस रुजावयास अन्न लागतें, तें रंगांतील चिकट द्रव्य, लांकूड, कागद, कापड आणि भिंतीवरची धूळ यांत आयतेंच असतें. उरलें पाणी. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता शेंकडा ऐंशींच्या वर कांहीं दिवस टिकली कीं बुरशी धरूं लागते, आणि आषाढ-श्रावणांत तर बाहेरची हवाच इतकी दमट असते. म्हणून त्या दिवसांत कातडी चपलांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, लांकडी पोळपाटावर, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर जी पांढरी-हिरवी लव येते, तिचा दोष मालकास देणारा भाडेकरू अन्यायी म्हटला पाहिजे. ती ऋतूची बुरशी होय. ती पुसावी, वस्तु उन्हांत ठेवाव्यात, न्हाणीचें दार लावून पंखा चालू ठेवावा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटें दूर सरकवावें. आणि हें न करणारा भाडेकरू आळशी आहे असें आम्हीहि म्हणूं. ज्यांच्याकडे एअर कंडिशनर आहे त्यांनीं खोली गार करून मग खिडकी उघडण्याची संवय सोडली तर गार भिंतीवर दंव धरण्याचें एक कारण कमी होईल.

परंतु दुसरी एक बुरशी आहे, आणि ती ओळखावयास कोणी रसायनशास्त्रज्ञ नको. जी न्हाणीच्या पलीकडच्या भिंतीवर नकाशासारखी पसरते, जी वरच्या मजल्यावरील मोरीच्या बरोबर खालीं छताला येते, जी खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपी खालीं उतरते, जिच्याखालचा गिलावा ठोकला असतां पोकळ वाजतो, आणि मुख्य म्हणजे जी मार्गशीर्षांतहि, हवा कोरडी होऊन ओठ फुटूं लागल्यावरहि, ओलीच राहते, ती बुरशी भाडेकरूच्या राहणीनें आलेली नाहीं. भाडेकरूच्या स्वयंपाकाची वाफ मार्गशीर्षांतील कोरड्या हवेंतून वाट काढून फक्त ईशान्येच्या कोपऱ्यांतच जाऊन बसते असें मानावयाचें असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय एक साधा प्रश्न असा कीं, तोच भाडेकरू, तीच राहणी, तोच तांदूळ आणि तेंच कालवण, मग शेजारची भिंत कोरडी कां?

राहणीचा हा आक्षेप केवळ आपल्याकडचा नाहीं. इंग्लंडांत रॉचडेल म्हणून गांव आहे. तेथें एका गृहसंस्थेच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबानें २०१७ पासून बुरशीची तक्रार केली होती. तेव्हां त्यांस भिंतीवर रंग मारण्यास सांगण्यांत आलें. कुटुंब परदेशांतून आलेलें होतें, आणि त्यांच्या स्नानाच्या चालीरीतींमुळेंच घरांत ओल होत असावी अशी समजूत संस्थेनें करून घेतली. २०२० च्या डिसेंबरांत त्या घरांतील अवाब इशाक हें दोन वर्षांचें मूल श्वसनाच्या विकारानें दगावलें. २०२२ च्या नोव्हेंबरांत मृत्यूची न्यायिक चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें घरांतील बुरशीशीं दीर्घकाळ आलेला संबंध हेंच मृत्यूचें कारण असल्याचा निर्णय दिला, आणि राहणीविषयीं आपण जें गृहीत धरलें तें चुकीचें होतें असें संस्थेस कबूल करावें लागलें. पुढें २०२३ सालीं तेथील पार्लमेंटनें या मुलाच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा केला. तो २०२५ च्या ऑक्टोबरपासून सामाजिक गृहसंस्थांच्या घरांस लागू झाला आहे. ओल किंवा बुरशी यांपासून गंभीर धोका असल्याची तक्रार आली तर घरमालक संस्थेनें दहा कामाच्या दिवसांत चौकशी करावी आणि धोका सिद्ध झाल्यावर पांच कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करावें, असें बंधन त्यानें घातलें. इंग्लंड हा थंड देश. तेथें आंतल्या वाफेचें पाणी गार भिंतीवर धरणें हें बुरशीचें मोठें कारण असतें, म्हणजे राहणीचा आक्षेप तेथें आपल्यापेक्षां अधिक खरा ठरण्याचा संभव. तेथेंहि तो टिकला नाहीं. वसईच्या उबदार हवेंत, जेथें डागाचें पाणी बहुधा बाहेरून अथवा वरून आलेलें असतें, तेथें तो कितपत टिकावा?

प्रश्न सौंदर्याचा नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे, कारण आपल्याकडे बुरशीकडे डाग म्हणून पाहतात, रोगाचें कारण म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतील ओल व बुरशी यांविषयीं स्वतंत्र मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. ओलसर घरांत राहणारांस श्वसनाचे विकार, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा जोर वाढण्याचा धोका अधिक असतो, यास पुरेसा पुरावा आहे असा त्याचा निष्कर्ष आहे. किती बुरशी चालेल याचा आंकडा मात्र त्या ग्रंथानें दिलेला नाहीं. टिकून राहणारी ओलच होऊं देऊं नये, असें तो म्हणतो. रंगाच्या डब्याचा त्यांत उपाय म्हणून उल्लेख नाहीं, हें सांगणें नकोच.

आतां आपला कायदा काय म्हणतो तें पाहूं. येथें खरी मौज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याच्या चौदाव्या कलमांत मालकानें घर चांगल्या व राहण्यायोग्य दुरुस्तींत ठेवलें पाहिजे असें स्पष्ट म्हटलें आहे. नोटीस दिल्यापासून पंधरा दिवसांत त्यानें दुरुस्ती केली नाहीं तर भाडेकरूनें ती स्वतः करून खर्च भाड्यांतून वळता करावा. मात्र ही वळती एका वर्षांत त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक नसावी. वाचून मन प्रसन्न होतें. परंतु त्याच कलमाच्या आरंभीं एक पोटवाक्य आहे: भाडेकरूनें याविरुद्ध करार केलेला नसेल तर. म्हणजे जो हक्क दिला तो लिहून घेऊन काढून घेण्याची सोयहि त्याच हातानें दिली. आणि दुसरी गोष्ट याहून मोठी. वसई-विरारकडे आज नव्यानें घर घेणारा माणूस बहुधा कायद्याच्या अर्थानें भाडेकरू नसतोच. तो 'लायसन्सी' असतो. त्याच्याशीं अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार झालेला असतो. त्याला त्या घरांत राहण्याची केवळ मुभा असते, घरावर हक्क असा नसतो. तेव्हां चौदावें कलम त्याच्या दारापर्यंत येतच नाहीं.

याच कायद्याच्या चोविसाव्या कलमाची तत्परता मात्र पाहण्यासारखी आहे. मुदत संपली आणि घर सोडलें नाहीं तर मालकास दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहींत. त्यासाठीं स्वतंत्र सक्षम अधिकारी नेमलेला आहे. राहणाऱ्यास बाजू मांडावयाची झाली तर आधीं तीस दिवसांच्या आंत परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. मालकाची वस्तु मालकास लौकर परत मिळावी, यांत आम्हांस गैर कांहीं दिसत नाहीं. परंतु ज्या कायद्यास मालकाचें घर परत देण्याची इतकी घाई आहे, त्याला भाडेकरूची भिंत कोरडी करण्याची अर्धी तरी घाई असावयास नको होती काय?

तथापि लायसन्सी अगदींच निराधार आहे असें नाहीं, आणि हें फार थोड्यांस ठाऊक आहे. १८८२ सालच्या इझमेंटच्या कायद्यांत सत्तावन्नावें कलम आहे. आपल्या मिळकतींत एखादा दोष असेल, त्यापासून लायसन्सीच्या शरीरास किंवा मालमत्तेस धोका संभवत असेल, आणि तो आपणांस ठाऊक असून त्यास ठाऊक नसेल, तर तो उघड करून सांगणें हें परवानगी देणाराचें कर्तव्य आहे असें तें म्हणतें. त्याच सालच्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानें भाडेपट्टा देणारावरहि अशाच प्रकारचें बंधन घातलें आहे. या कायद्यांस सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं. त्यांतील भाषा गलबतें आणि अडत्यांच्या काळची असली तरी तिचा अर्थ आपल्या विरारच्या तिसऱ्या मजल्यास बरोबर लागू पडतो. गतवर्षींच्या पावसांत जी भिंत भिजली, जिच्याबद्दल आधीच्या बिऱ्हाडानें तक्रार केली, ती वैशाखांत पुट्टी भरून, पांढरीशुभ्र करून नव्या बिऱ्हाडास दाखविणें, आणि करारांत 'घर आहे त्या स्थितींत पाहून, समजून व पसंत करून घेतलें' असें वाक्य घालून त्याची सही घेणें, याला दुसरें काय म्हणावें? आहे ती स्थिति त्यानें पाहिलीच नाहीं. त्यानें पाहिला तो रंग.

मालकपक्षाचें दुसरें समर्थन जुनें आणि एके काळीं खरेंहि होतें. भाडीं गोठवलीं, मग दुरुस्ती कोठून करणार? मुंबईंत १९१८ पासून भाड्यांवर निर्बंध आले, १९४७ च्या कायद्यानें ते पक्के झाले. गिरगांव-दादरच्या चाळींचीं भाडीं इतकीं खालीं राहिलीं कीं त्यांत जिना झाडण्याचाहि खर्च निघेना, आणि अखेर १९६९ सालीं सरकारास दुरुस्ती मंडळ स्थापून उपकर बसवावा लागला. गिरगांवच्या मालकाविषयीं आम्हांस सहानुभूति आहे. परंतु विरारच्या मालकानें त्याचें दुःख उसनें आणूं नये. लायसन्सच्या घराचें भाडें बाजारभावाचें असतें, तें दर कराराबरोबर वाढतें, अनामत रक्कम आगाऊ मिळते, आणि मुदत संपतांच घर परत मिळण्याची हमी कायदा देतो. बाजाराचा भाव घ्यावयाचा असेल तर बाजाराचा नियमहि पाळला पाहिजे: किडका माल चांगल्याच्या भावानें विकूं नये.

आणि हे मालक तरी कोण? कोणी मोठे जमीनदार नव्हेत. प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांतून निवृत्तीची सोय म्हणून विरारला एक सदनिका घेऊन ठेवणारे शिक्षक, बँकेंतले कारकून, रेल्वेंतले नोकर. मुलगा परदेशीं गेला म्हणून रिकामें पडलेलें घर भाड्यानें देणारे आईबाप. थोडक्यांत, आपणच. आपल्यांपैकीं कित्येकजण सभांतून सदाचारावर बोलतात, रस्त्यांतल्या खड्ड्यांविषयीं महानगरपालिकेस पत्रें लिहितात, भेसळीच्या दुधाविषयीं संतापतात. आणि त्याच महिन्यांत रंगाऱ्यास फोन करून सांगतात कीं तो डाग तेवढा दिसणार नाहीं असें कर, उद्यां गिऱ्हाईक येणार आहे. हें लबाड माणसाचें कृत्य आहे असें त्यांस क्षणभरहि वाटत नाहीं. दूधवाल्यानें पाणी घातलें तर ती भेसळ, आणि आपण भिंतींतलें पाणी झांकलें तर तो घर नीटनेटकें करून देण्याचा चांगुलपणा!

बरें, मालक अगदीं सज्जन असला तरी दुरुस्ती त्याच्या एकट्याच्या हातीं नसते, हें मान्य केलें पाहिजे. ओल बाहेरच्या भिंतींतून आली तर ती भिंत सोसायटीची; वरच्या न्हाणींतून आली तर तिचा खर्च वरच्या सभासदाचा; गच्चींतून आली तर पुन्हां सोसायटीचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हें पुष्कळसें स्पष्ट लिहिलेलें आहे. पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरील सामाईक पाइपांची गळती संस्थेनें आपल्या खर्चानें थांबवावी. परंतु संस्थेच्या सभेंत बसतो कोण? सभासद. आणि भिंतीखालीं निजतो कोण? बिगरसभासद. भाड्यानें दिलेल्या घराबद्दल सोसायटी सभासदाकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत जादा आकार घेते, तो अखेर भाड्यांतूनच वसूल होतो. पण त्या पैशानें राहणाऱ्यास साधा तक्रारअर्ज देण्याचाहि अधिकार मिळत नाहीं. त्याचा अर्ज चिटणीस वाचतात आणि म्हणतात, "मालकाला सांगा." मालक म्हणतो, "सोसायटीला सांगतों." सोसायटी म्हणते, "बिल्डरनें तसेंच बांधलें." इमारत नवी असेल तर यांत तथ्यहि असतें. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणें ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत दिसलेला बांधकामाचा दोष विकासकानें विनामूल्य, कळविल्यापासून तीस दिवसांत, दूर करावयाचा असतो. तथापि त्यासाठीं दावा करावयाचा तो घर घेणाऱ्यानें. आणि घर घेणारा डोंबिवलीस किंवा दुबईस असतो, त्याच्या नाकाला तो कुबट वास येत नाहीं.

जेथें सोसायटी नाहीं, नोंदलेला करार नाहीं, किंबहुना इमारतीलाच परवानगी नाहीं, तेथें तर हें सारें विवेचन निरर्थक आहे. नालासोपाऱ्यास उच्च न्यायालयाच्या आज्ञेनें एकेचाळीस अनधिकृत इमारती २०२५ च्या आरंभापर्यंत पाडल्या गेल्या. त्यांत पैसे देऊन घर घेतलेले लोक होते, तसे भाड्यानें राहणारेहि होते. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें विरार पूर्वेस एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून सतरा माणसें मेलीं. ती बुरशीनें पडली असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें मूर्खपणाचें होईल. परंतु काँक्रीटमध्यें पाणी व क्षार शिरले कीं आंतील सळई गंजते, गंज फुगतो, आणि फुगलेला गंज काँक्रीट फोडून बाहेर पडतो, ही गोष्ट कोणताहि गवंडी सांगेल. या क्रियेची पहिली खूण म्हणजे छताला आलेला ओला डाग. ही खूण पहिल्यानें दिसते ती घरांत राहणाऱ्यास. त्याचें तोंड रंगानें बंद करणारा मालक स्वतःच्याच मिळकतीचा शत्रु होय.

भाडेकरूच्या असहायतेचें शेवटचें दर्शन घर सोडतांना घडतें. अनामत रकमेंतून रंगाचे पैसे कापून घेण्याची चाल आमच्या इकडे इतकी रूढ झाली आहे कीं तिचें कारण विचारणारा भांडखोर ठरतो. आमच्या परिचयाच्या एका बिऱ्हाडानें तीन पावसाळे गळक्या भिंतीखालीं काढले, दर वर्षीं फोटो पाठविले, गाद्या दोनदां टाकून दिल्या. आणि निघतांना 'भिंती खराब केल्याबद्दल' एका महिन्याचें भाडें त्यांच्या अनामतींतून वळतें झालें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं जो आदर्श भाडेकरारी कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यांत भिंतींची सफेदी, दारें-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणें आणि इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती हीं मालकाच्या वाट्यास, आणि नळाचे वॉशर, मोरी साफ करणें, कड्याकुलुपें, खिडक्यांच्या कांचा हीं भाडेकरूच्या वाट्यास दिलीं आहेत; राहत्या घराची अनामतहि दोन महिन्यांच्या भाड्यापुरतीच ठेवली आहे. ही विभागणी आम्हांस समंजस वाटते. परंतु तो नमुना आहे. राज्यानें आपला कायदा केल्याखेरीज नमुन्यानें कोणाची भिंत वाळत नाहीं.

तेव्हां व्हावें काय? आमच्या मतें चौदाव्या कलमांतील तें 'याविरुद्ध करार नसेल तर' हें पोटवाक्य राहत्या घरांपुरतें काढून टाकावें, आणि तें कलम लायसन्सीसहि लागू करावें. विधानसभेस हें एका बैठकीचें काम आहे. तें होईपर्यंत भाडेकरूंनीं निदान एवढें करावें: घर शक्य तर श्रावणांत पाहावें, वैशाखांत नव्हे; वैशाखांतच पाहावें लागलें तर बाहेरच्या भिंतींवर हाताच्या सांध्यानें ठोकून पाहावें, शेजाऱ्यास गतवर्षींच्या ओलीविषयीं विचारावें, आणि प्रत्येक भिंतीचा फोटो तारखेसह मालकास पाठवून ठेवावा. करारांत एक वाक्य घालून घ्यावें कीं, बाहेरून, वरून किंवा भिंतींतील पाइपांतून येणाऱ्या ओलीची दुरुस्ती मालकाकडे, आणि तिच्यामुळें झालेल्या डागांसाठीं अनामतींतून कांहीं कापलें जाणार नाहीं. जो मालक या वाक्यास नकार देईल त्यानें न मागतां इझमेंटच्या कायद्याचें सत्तावन्नावें कलम पाळलें असें समजावें: घराचा दोष त्यानें उघड केला. करार नोंदविणें हें तर मालकाचेंच कर्तव्य आहे. न नोंदल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊं शकतात, आणि वाद निघाल्यास अटींविषयीं उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचें म्हणणें ग्राह्य धरलें जातें.

यावर आमचे मालकमित्र म्हणतील कीं, इतकीं बंधनें घातलीं तर आम्ही घरें भाड्यानें देणेंच बंद करूं, कुलूप लावून ठेवूं. खुशाल ठेवावीं. परंतु ज्या खोलींत कोणी राहत नाहीं, पंखा फिरत नाहीं, खिडकी उघडत नाहीं आणि गळती पाहून ओरडणाराहि कोणी नाहीं, तिची स्थिति काय होते हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांनीं रोहिणींत बंद केलेल्या सदनिकेचें कुलूप एकदां दसऱ्याला उघडून पाहावें.